फॅक्टरचा खर्च कुठे वाढतो, कुठे वाचतो
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

या वेळचे सगळे प्रश्न हिमोफिलियाचे आहेत. रक्त गोठवणारा आठव्या क्रमांकाचा घटक (फॅक्टर आठ) कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर बी. ‘ए’ साधारण ५,००० मुलग्यांत एकाला होतो, ‘बी’ त्याहून पुष्कळ कमी. घटकाचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली असेल तर आजार गंभीर, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि त्याच्या वर सौम्य. पत्रांतली भाषा रुपयांची आहे. उत्तरं मात्र आम्ही टोचायच्या फॅक्टरच्या युनिटांत देतो आहोत, कारण दर गावागणिक आणि कंपनीगणिक बदलतो, युनिटांचा हिशेब बदलत नाही.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, वजन ४० किलो, हिमोफिलिया ए, गंभीर. गुडघा रक्ताने भरला की सिव्हिलमध्ये फॅक्टरचे ५०० युनिट देतात. गेल्या महिन्यात रात्री खासगी रुग्णालयात न्यावं लागलं. तिथे १००० दिले आणि बिल दुप्पट झालं. सिव्हिलमध्ये कमी देऊन बोळवण करतात, की खासगीत उगाच जास्त दिलं? — एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे. कसं, ते एकदा समजून घेतलंत तर पुढचं प्रत्येक बिल तुम्हाला स्वतः तपासता येईल.

किलोमागे १ युनिट दिलं की फॅक्टर आठचं रक्तातलं प्रमाण २ टक्क्यांनी वाढतं. म्हणून सूत्र असं : वजन × हवी असलेली वाढ × ०.५. तुमच्या मुलाला २० टक्क्यांपर्यंत न्यायचं तर ४० × २० × ०.५ = ४०० युनिट. ५०० ची व्हायल फोडली तर २५ टक्के मिळतात. ४० टक्क्यांपर्यंत न्यायचं तर ८०० युनिट लागतात, म्हणजे १००० ची व्हायल. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साध्या सांध्यातल्या रक्तस्रावासाठी दोन पातळ्या दिल्या आहेत. फॅक्टर मुबलक असेल तिथे ४० ते ६० टक्के, पुरवठा मर्यादित असेल तिथे १० ते २० टक्के. सिव्हिल दुसऱ्या पातळीवर चालतं, ते खासगी रुग्णालय पहिल्या पातळीवर होतं.

कमी मात्रा पुरते, पण ती वेळेवर मिळायला हवी. सांध्यात मुंग्या आल्यासारखं किंवा आत गरम लागतंय असं मुलगा म्हणतो, तेव्हा अजून सूज नसते. त्या वेळी, शक्यतो पहिल्या दोन तासांत, ५०० युनिट गेले तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. गुडघा टम्म फुगल्यावर, सहा-आठ तासांनी तेच ५०० दिले तर १२ ते २४ तासांनी पुन्हा द्यावे लागतात, कधी तिसऱ्यांदाही. हिशेबापुरता युनिटला १० रुपये दर धरा (तुमच्या पावतीवरचा दर घालून पाहा). वेळेवर ५,००० रुपये, उशिरा १०,००० ते १५,०००. शिवाय सांध्याचं नुकसान वेगळंच. एकाच सांध्यात सहा महिन्यांत तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला, तर डॉक्टर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. तिथून खर्च फिजिओथेरपी आणि पुढे सांधा बदलण्यापर्यंत जाऊ शकतो.

दोन जागी मात्र कमी मात्रेवर समाधान मानू नका. पहिली जागा जांघेच्या आतला मोठा स्नायू, इलिओसोआस. मुलगा मांडी पोटाशी घेऊन पडतो, पाय सरळ करवत नाही, मांडीच्या पुढच्या बाजूला बधिरपणा येतो. उजव्या बाजूला झालं तर हे अपेंडिक्ससारखं दिसतं आणि नको ती शस्त्रक्रिया होण्याचा धोका असतो. सोनोग्राफी करून घ्या. दुसरी जागा डोकं. डोक्याला जोराचा मार लागला तर आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन, हा क्रम कधीही उलटा करू नका. सुरुवातीला ८० टक्के, आणि पुढचे १४ दिवस हळूहळू उतरती मात्रा असा आराखडा धरला तर ४० किलोच्या मुलाला लागणारे युनिट असे : पहिला डोस १६००, मग दर १२ तासांनी एक डोस, तो तिसऱ्या दिवसापर्यंत ८००, चौथ्या ते सातव्या दिवशी ६००, आठव्या ते चौदाव्या दिवशी ४००. एकूण १६,००० युनिट, वरच्या दराने १ लाख ६० हजार रुपये, तेही फक्त फॅक्टरचे. सिव्हिलच्या हिमोफिलिया डे केअर केंद्रात मुलाची नोंद आधीपासून असेल तर असा साठा मागवणं त्यांना सोपं जातं. म्हणून दुखत नसतानाही तिथे नोंद आणि वजन अद्ययावत ठेवा.

प्रश्न : सिव्हिल ६० किलोमीटरवर आहे. फॅक्टर घरी ठेवता येतो का? व्हायल फुकट जाण्याची भीती वाटते. — अमरावती जिल्हा

उत्तर : ठेवता येतो, आणि लांबच्या रुग्णाने ठेवावाच. आधी डे केअरच्या परिचारिकेकडून शीर शोधून टोचायला शिका. पहिली काही इंजेक्शनं तिच्या समोर द्या.

ठेवण्याची जागा फ्रिजच्या मधल्या फळीवर, २ ते ८ अंश. दारात नको, कारण उघडझाप होते. फ्रीझरमध्ये तर अजिबात नको. गोठलेला फॅक्टर टाकून द्यावा लागतो. दिवे गेले म्हणून व्हायल बर्फाच्या पिशवीत खुपसण्याची चूक बरेच जण करतात. थर्मासमध्ये बर्फ आणि व्हायल यांच्यामध्ये जाड कापड ठेवा. काही उत्पादनं ठरावीक महिने फ्रिजबाहेर चालतात. त्यासाठी डब्यातला कागद वाचा आणि बाहेर काढल्याची तारीख डब्यावर पेनाने लिहा.

वापरताना पावडर आणि पाणी दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पाणी व्हायलच्या काचेच्या कडेने सोडा, थेट पावडरीवर नको. मग व्हायल तळहातात धरून हलकेच गोल फिरवा. औषधाच्या बाटलीसारखी खळखळ हलवली तर फेस येतो आणि औषध वाया जातं. डब्यासोबतची फिल्टर सुई वापरा. शिरेतून सावकाश द्या, मोठ्या माणसालाही मिनिटाला ३ मिलीपेक्षा वेगाने नको. कालवलेलं औषध तीन तासांच्या आत वापरा. उरलं तर उद्यासाठी ठेवता येत नाही, म्हणून मात्रा व्हायलच्या आकाराकडे वर नेतात आणि व्हायल पूर्ण देतात. १८ किलोच्या मुलाला हिशेबाने १८० युनिट हवे असतील तर २५० ची व्हायल सगळी द्या. ७० युनिट ओतून देण्यात काहीच वाचत नाही.

व्हायलवरचं बॅच नंबर असलेलं लेबल वहीत चिकटवा. शेजारी तारीख, सांधा, किती वाजता दुखायला लागलं आणि किती वाजता टोचलं एवढं लिहा. फॅक्टर लागू पडत नाही अशी शंका आली तर डॉक्टर आधी हीच वही मागतात.

प्रश्न : आमच्या तालुक्याला फॅक्टर मिळत नाही. डॉक्टर प्लाझ्मा चढवतात, ते स्वस्त पडतं. चालेल का?

उत्तर : दुसरं काहीच हाताशी नसेल तर चालेल. प्लाझ्माच्या १ मिलीमध्ये साधारण १ युनिट असतं. ४० किलोच्या मुलाला ६०० ते ८०० मिली चढवूनसुद्धा ३० टक्क्यांच्या वर जाणं अवघड. एवढं पाणी शरीरात जातं त्याचा भार हृदयावर येतो, तो वेगळा. हिमोफिलिया एसाठी क्रायोप्रेसिपिटेट (क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून वेगळा काढलेला भाग) त्याहून बरं. एका पिशवीत साधारण ७० ते ८० युनिट, म्हणजे ४०० युनिटांसाठी पाच-सहा पिशव्या. पण क्रायोमध्ये फॅक्टर नऊ नसतो, त्यामुळे हिमोफिलिया बीला त्याचा उपयोग शून्य. ही चूक आजही होते, म्हणून रुग्णाच्या खिशातल्या कार्डावर ‘ए’ की ‘बी’ हे ठळक लिहून ठेवा. शिवाय या दोन्हींवर विषाणू मारण्याची प्रक्रिया सहसा झालेली नसते. आज वाचलेले पैसे उद्या काविळीच्या उपचारात जाऊ शकतात.

प्रश्न : भाच्याला ‘इनहिबिटर’ आला असं सांगितलं. फॅक्टर देऊनही रक्त थांबेना. आता जे औषध लिहून दिलंय त्याचं एका वेळचं बिल आमच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढं आहे. हे खरंच लागतं का? — नाशिक

उत्तर : लागतं, आणि या आजाराचा सगळ्यात महाग भाग हाच. शरीराला बाहेरून दिलेला फॅक्टर परका वाटतो आणि ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. गंभीर हिमोफिलिया ए असलेल्या सुमारे ३० टक्के मुलांत हे घडू शकतं, बीमध्ये फार कमी जणांत. धोका सर्वाधिक असतो तो फॅक्टर मिळालेल्या पहिल्या ५० दिवसांत. (सलग ५० नव्हेत, ज्या दिवशी फॅक्टर टोचला असे ५०.)

पहिला प्रश्न विचारा : टायटर, म्हणजे रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण, किती? ते बेथेस्डा युनिटमध्ये मोजतात. ५ च्या खाली असेल तर जास्त मात्रेत फॅक्टर आठ देऊनच काम होऊ शकतं, आणि ते कितीतरी स्वस्त पडतं. ५ किंवा जास्त असेल तर फॅक्टर आठ कितीही ओता, प्रतिपिंडं तो निकामी करतात. वर बऱ्याच जणांत टायटर आणखी चढतं. टायटरचा कागद हातात नसताना ‘आणखी दोन व्हायल देऊन बघू’ म्हणत राहणं म्हणजे पैसा आणि मुलाचं नुकसान दोन्ही.

टायटर जास्त असेल तर आठव्या घटकाला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं द्यावी लागतात. ती दोन. एक, रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए : किलोमागे ९० मायक्रोग्रॅम, दर दोन-तीन तासांनी. ४० किलोला ३.६ मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या दोन व्हायल. असे तीन डोस लागले तर सहा व्हायल. सांध्यातल्या रक्तस्रावासाठी किलोमागे २७० मायक्रोग्रॅमचा एकच डोस हाही मान्य पर्याय आहे. औषध जवळजवळ तेवढंच लागतं, पण टोचणं एकदाच, आणि रुग्णालयात थांबण्याचा खर्च वाचतो. दोन, एपीसीसी : किलोमागे ५० ते १०० युनिट, ८ ते १२ तासांनी, दिवसाला किलोमागे २०० च्या वर कधीच नाही. काहींना एक औषध चांगलं लागू पडतं, काहींना दुसरं, म्हणून आधी काय चाललं होतं हे वहीत लिहिलेलं हवं. इनहिबिटर असलेल्या हिमोफिलिया बीच्या मुलाला फॅक्टर नऊमुळे ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली असेल, तर एपीसीसी देऊ नये, कारण त्यात फॅक्टर नऊ असतो.

आता नव्या उपायाबद्दल, कारण अनेकांनी विचारलं आहे. एमिसिझुमॅब हे त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन, हिमोफिलिया एसाठी, इनहिबिटर असो वा नसो. रक्तस्राव होऊ नये म्हणून ते नियमित द्यायचं असतं. चालू रक्तस्राव त्याने थांबत नाही. पहिले चार आठवडे किलोमागे ३ मिलिग्रॅम दर आठवड्याला, नंतर आठवड्याला १.५, किंवा पंधरवड्याला ३, किंवा चार आठवड्यांनी ६ मिलिग्रॅम. तिन्ही पद्धतींत वर्षाचं औषध सारखंच. ४० किलोला सुरुवातीनंतर वर्षाला साधारण ३,१२० मिलिग्रॅम.

पण व्हायल बघा. ती ३०, ६०, १०५ आणि १५० मिलिग्रॅमच्या येतात. चार आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम द्यायचं ठरलं आणि दुकानात १५० आणि १०५ चीच व्हायल असली, तर १५ मिलिग्रॅम दर वेळी वाया. पंधरवड्याला १२० घेतलं तर ६० च्या दोन व्हायल बरोबर बसतात, थेंब वाया जात नाही. ३० ची व्हायल पातळ असते, तिचं औषध बाकीच्या व्हायलच्या औषधाबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नाही. वजन वाढलं की हे गणित दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून पुन्हा मांडून घ्या. भारतातल्या काही केंद्रांत याहून कमी मात्रेवरही रुग्ण ठेवले जातात. तो निर्णय केंद्राच्या देखरेखीखालीच व्हावा.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं : एमिसिझुमॅब चालू असताना एपीसीसीच्या मोठ्या मात्रेने बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. तातडीत अनोळखी डॉक्टरांना सर्वांत आधी हेच सांगा. एपीटीटी ही नेहमीची रक्ततपासणी या औषधावर दिशाभूल करते. ती नॉर्मल आली म्हणून रक्त नीट गोठतं असं समजू नका, आणि तिच्यावर पैसे खर्चू नका.

प्रश्न : वय २४, वजन ६० किलो, हिमोफिलिया ए. दोन दाढा काढायच्या आहेत. भीतीने तीन वर्षं टाळतोय.

उत्तर : टाळू नका. दोन्ही दाढा एकाच बैठकीत काढा, म्हणजे फॅक्टरचा एकच डोस लागेल. दंतवैद्य आणि रक्तविकारतज्ज्ञ यांचं आधी बोलणं होऊ द्या. ५० टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी १५०० युनिट, काढण्याच्या आधी. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या नसेपाशी सुई घालून भूल द्यावी लागते, ती फॅक्टरशिवाय कधीही घेऊ नका. रक्त घशाच्या बाजूला साचलं तर श्वास अडतो.

फॅक्टरची गरज खरी कमी होते ती ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमुळे, आणि ही गोळी स्वस्त आहे. किलोमागे २५ मिलिग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५०० च्या तीन गोळ्या, दिवसातून तीनदा, आदल्या रात्रीपासून सुमारे सात दिवस. शिवाय एक गोळी कुटून १० मिली पाण्यात कालवली की ५ टक्क्यांचं द्रावण होतं. दोन मिनिटं तोंडात धरायचं, जोरात चूळ भरायची नाही, दिवसातून चार वेळा. दुखलं तर पॅरासिटामोल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक बंद. लघवीतून रक्त जात असेल तर मात्र ट्रॅनेक्झॅमिक घ्यायचं नाही, मूत्रनलिकेत गाठ अडकते.

सौम्य हिमोफिलिया ए असणाऱ्यांनी डेस्मोप्रेसिन या औषधाची चाचणी एकदा करून ठेवावी. ते लागू पडलं तर छोट्या कामांना फॅक्टर लागतच नाही.

प्रश्न : सरकारी मदत नेमकी कुठून मिळते? प्रत्येक खिडकीवर वेगळं सांगतात.

उत्तर : सुरुवात सिव्हिलपासून करा. महाराष्ट्रात ठाणे, नाशिक, सातारा, अमरावती इथल्या जिल्हा रुग्णालयांत हिमोफिलिया डे केअर केंद्रं आहेत आणि फॅक्टर तिथे मोफत मिळतो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथे इनहिबिटरच्या आणि जनुकीय तपासण्या होतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदलं गेलं तर उच्च शिक्षणातलं राखीव प्रमाण मिळतं. सरकारी नोकरीतलं आरक्षण मात्र कलम ३४ मध्ये रक्तविकारांना दिलेलं नाही. केवळ हिमोफिलियाच्या आधारावर अर्ज भरणाऱ्यांची पुढे निराशा होते. सांधे कायमचे आखडले असतील तर अस्थिव्यंगाची तपासणी स्वतंत्र करून घ्या, तो प्रवर्ग कलम ३४ मध्ये आहे.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दाखल करतानाच उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड समाजसेवा अधीक्षकांकडे द्या. बिल झाल्यावर गेलात तर भांडण होतं. जनआरोग्य योजनेत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ‘कोणत्या पॅकेजखाली बसतं’ एवढंच विचारा. ती पॅकेजं दाखल रुग्णासाठी आहेत, घरी न्यायच्या व्हायलसाठी नाहीत.

विकत घ्यावाच लागला तर : फॅक्टर आठ आणि नऊ अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहेत, त्यामुळे त्यांची कमाल किंमत औषध किंमत प्राधिकरण ठरवतं. छापील किंमत म्हणजे कमाल मर्यादा. त्याखाली विकायला दुकानदार मोकळा आहे, आणि घाऊक विक्रेत्याकडे दर बराच खाली येतो. दोन ब्रँडची तुलना व्हायलच्या किमतीवर नको, किमतीला युनिटांनी भागून करा. उपचारासाठी रेल्वेने जाताना रुग्ण आणि एक सोबती यांना ७५ टक्के सवलत आहे, स्लीपरपासून थ्री एसीपर्यंत. रुग्णालयाचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. जुन्या करपद्धतीत विवरण भरणाऱ्यांना १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०डीडीबीखाली ४०,००० रुपयांपर्यंतची वजावट मिळत आली आहे, त्यासाठी तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.

प्रश्न : मुलाला आहे, आता त्याची मोठी बहीण गरोदर आहे. तिच्यासाठी काय करावं?

उत्तर : तिची फॅक्टर पातळी तपासा, पहिल्या तिमाहीत आणि पुन्हा सातव्या-आठव्या महिन्यात. गरोदरपणात फॅक्टर आठ वाढतो, नऊ फारसा वाढत नाही. पातळी ५० टक्क्यांच्या खाली असेल तर प्रसूती फॅक्टर उपलब्ध असलेल्या ठिकाणीच ठरवा. बाळ ओढून काढायला व्हॅक्यूम आणि चिमटा वापरणं टाळायला सांगा. मुलगा झाला तर नाळेतलंच रक्त तपासणीला घ्यावं, बाळाला टोचायला नको. त्यात फॅक्टर आठ कमी दिसला तर निदान पक्कं धरता येतं. फॅक्टर नऊ सगळ्याच नवजात बाळांत कमी असतो, तो सहा महिन्यांनी पुन्हा पाहावा लागतो. अहवाल येईपर्यंत बाळाच्या मांडीत स्नायूमधलं इंजेक्शन देऊ नये. लस द्यायचीच असेल तर बारीक सुईने, आणि नंतर पाच मिनिटं बोटाने घट्ट दाबून धरावं.